सी-१ची नोटीस आणि भिंतीपलीकडच्या वहिनी

"तुमच्याकडेही चिकटवून गेले म्हणे?"

पलीकडच्या वहिनींनी भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली आणि आवाज इतका खाली आणला, की आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांपर्यंतच काय तो पोचला असेल. मास्तर लगेच गॅलरीत आले, म्हणजे पोचलाच.

चिकटवून गेले होते. जिन्याच्या तोंडाशी, विजेच्या मीटरांच्या शेजारी. अतिधोकादायक, वर्ग सी-१, सात दिवसांत इमारत रिकामी करावी, न केल्यास नळजोडणी व वीजजोडणी तोडण्यात येईल, जीवित वा वित्तहानी झाल्यास जबाबदारी रहिवाशांची. भाषा अशी, की वाचताना आपणच पहार घेऊन स्लॅब पाडायला निघालोय असं वाटावं.

डोंबिवली पूर्वेच्या जुन्या इमारतींमध्ये जी छातीएवढी भिंत असते, तिच्यावरून किती संसार चालले असतील देव जाणे. विरजण, कढीपत्ता, मुलींच्या पत्रिका, कामवालीच्या दांड्या, सगळं इकडून तिकडे. वहिनींची जुनी चार मजली इमारत गेली, टॉवर उभा राहिला, मधली वर्षं भाड्याच्या घरात काढून त्या परतही आल्या. भिंत मात्र बिल्डरने पाडली नाही, त्यांच्या अंगाला नुसत्या टाइल्स लावून दिल्या. त्यामुळे भिंत तिकडून नवी आणि आमच्याकडून तीच पोपडे सुटलेली. वहिनी चौदाव्या मजल्यावरून लिफ्टने खाली येऊन गप्पा मारतात, हा त्यांचा मोठेपणा.

"पावसाळ्याच्या तोंडावर येतातच हो असले कागद," मी म्हटलं. "ठाण्यात यादी निघते, कल्याण-डोंबिवलीत निघते. पेपरात छापून येते, आपण वाचतो, रद्दीत घालतो."

"ती यादी निराळी आणि दारावर सी-वन लागणं निराळं." वहिनींचं बोट वर झालं. हे बोट वर झालं, की गॅसवर काही ठेवलेलं नसावं. "सी-वन म्हणजे रिकामी करा आणि पाडा. सी-टू-ए म्हणजे रिकामी करा, पण दुरुस्त करून परत या. सी-टू-बी म्हणजे तुम्ही आतच राहा, दुरुस्ती तुमच्या डोक्यावर चालेल. आणि सी-थ्री म्हणजे किरकोळ, रंगरंगोटीच्या जवळपास. आम्हाला आमच्या वेळी हे सगळं पाठ झालं होतं, अथर्वशीर्षाच्या खालोखाल."

"मास्तर म्हणतायत, स्थगिती आणू."

"आणा की. पण ती आणायला जाताना कुलूप लावून जा आणि राहायला दुसरीकडे जा. ताई, ठाकुर्लीची इमारत आठवते ना? २०१५चा जुलै. नऊ माणसं गेली. आणि आठवड्यातच ठाण्यात नौपाड्याला बी केबिनजवळ कृष्णा निवास. तिथे बारा. २०२५च्या मे महिन्यात कल्याण पूर्वेला सप्तशृंगी. वरच्या मजल्यावर लाद्या बसवायचं काम चाललेलं, तो स्लॅब एकेक मजला घेत तळापर्यंत आला. सहा जण, त्यात लहान मूल. त्या घरांतसुद्धा कुणीतरी म्हणत असेलच ना, एवढी वर्षं काही झालं नाही म्हणून?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आमच्या मोरीच्या वरच्या कोपऱ्यातून गज दिसायला लागून दोन पावसाळे झाले होते आणि आम्ही त्याला दोरी बांधून पायपुसणी वाळत घालत होतो. इमारतीला तीस वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायचं, असं महापालिका कायद्याचं कलमच आहे, २६५-अ. आमच्याकडे ऑडिटचा विषय दर वार्षिक सभेत यायचा आणि वडापाव आले की पुढच्या सभेवर जायचा. वहिनींच्या यजमानांचं मत, जुन्या डोंबिवलीच्या काँक्रीटमध्ये खाडीची रेती आहे, तिचं मीठ लोखंड खातं. खाऱ्या रेतीने गज गंजतात हे खरंच आहे, पण आमच्या इमारतीत कुठली रेती आहे हे त्यांना कसं माहीत, हे मी आजवर विचारलेलं नाही. विचारलं तर ते सांगतील, ही भीती.

"बरं, मग सुतळी किती आणू?" मी मुद्द्यावर आले. "आणि खोके?"

"सुतळी बितळी काही आणू नका. मेजरिंग टेप आणा."

मला वाटलं, कपाट जिन्यातून उतरेल का ते मोजायचं असेल.

"कपाट कसलं! घर मोजायचं. पालिकेकडे आजच्या आज अर्ज टाका, की रिकामं करायच्या आधी प्रत्येकाच्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप घ्या आणि तसा दाखला द्या. कोण राहतं, मालक का भाडेकरू, चटई क्षेत्र किती. अर्जाची पोच घ्या, शिक्क्यासकट. आणि तुम्ही स्वतः पण मोजून ठेवा, खोलीखोलीचे फोटो काढा, टेप भिंतीला लावलेली दिसेल असे. गॅलरी बंद केलीय ना तुम्ही? तिचा आधी काढा. बिल्डर आला की पहिलं भांडण त्या गॅलरीवरून होतं. इमारत गेल्यावर चौरस फूट कुणाला दाखवणार? हवेत?"

हे ऐकून आमच्या तळमजल्यावरचा शिंपी दुकानातून बाहेर आला. तो मूळ जमीनमालकाचा पागडीवाला भाडेकरू, सोसायटीत असून नसल्यासारखा. त्याने बिचाऱ्याने दोन दिवस मशीनला हात लावला नव्हता. मालक त्याला म्हणाला होता, इमारत पडली की तुझं भाडेकरूपणही पडलं.

"असं काही नसतं हो भाऊ," वहिनींनी भिंतीवरूनच निकाल दिला. "२०१४ साली सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय, पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. महाराष्ट्रातलंच प्रकरण होतं ते. पण तुमच्याकडे भाड्याच्या पावत्या आहेत का?"

शिंप्याकडे होत्या. कापडाच्या मापांच्या वहीत, गिऱ्हाइकांच्या कमरेच्या मापांमध्ये खोचून. तो आत पळाला.

"बघा," वहिनी म्हणाल्या, "आता तो आधी काय बांधेल? पावत्या. तुम्हीही तेच करा. एक पिशवी घ्या, चेनची, खांद्याला अडकवायची. घराचं ॲग्रीमेंट, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची पावती, विजेचं शेवटचं बिल, रेशनकार्ड, आधार, गॅसचं पुस्तक, औषधांच्या चिठ्ठ्या. ती पिशवी टेम्पोत जाणार नाही. कपाटात जाणार नाही. तुमच्या खांद्यावर राहील, तुम्ही जेवताना मांडीवर राहील. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्यांनी काय केलं? कागद सुरक्षित राहावेत म्हणून गोदरेजच्या तिजोरीत ठेवले, जागा नाही म्हणून कपाट पाठवलं गावाला, खेडजवळ, आणि चावी राहिली मुलाकडे बंगळुरात. दुसऱ्या आठवड्यात बिल्डरची पहिली मीटिंग. त्या माणसाने मीटिंगमध्ये कागद म्हणून काय दाखवलं असेल? लग्नातला फोटो. पाठीमागे घर दिसतंय म्हणून."

हा किस्सा मी आधी ऐकला होता, तेव्हा त्यात कपाट चिपळूणला गेलं होतं. पण मुद्दा पटण्यासारखा असला की मी गावाच्या नावाला अडत नाही.

घर शोधायचं प्रकरण मात्र फार वाईट. एरवी माणूस घर शोधतो तेव्हा एकटा शोधतो. नोटीस लागली की अख्खी इमारत एकाच सकाळी, एकाच गल्लीत, एकाच दलालाकडे जाते. प्रत्येकाची अट तीच: मुलगी जोशी हायस्कूलला दहावीत आहे, सासूबाईंचे डॉक्टर टिळकनगरात आहेत, यांना आठ-बाराची लोकल चालत जाऊन पकडायची असते. म्हणजे घर हवं ते टिळकनगर, रामनगर, नाहीतर फार तर पेंडसेनगर. वन बीएचके, पहिला मजला किंवा लिफ्ट, पाणी दोन्ही वेळ. दलाल काय मूर्ख आहे? सकाळी सांगितलेलं भाडं दुपारी दोन हजारांनी वर. आमच्या ए विंगमधल्या तिघी एकमेकींना न सांगता एकच घर बघून आल्या आणि संध्याकाळी जिन्यात भेटल्यावर तिघींनीही "अजून काही नाही बाई मनासारखं" असं सांगितलं.

"एकमेकींशी बोला ना आधी!" वहिनींना हे सहन होईना. "तुम्ही सहा जणी मिळून गेलात, तर दलाली कमी होते, आणि घरमालकाला कळतं की हे लोक उडाणटप्पू नाहीत. दुसरं, अकरा महिन्यांवर सही करू नका. जुनी इमारत पाडून नवी उभी राहायला तीन वर्षं तरी लागतात, तुमच्याकडे तर अजून बिल्डरच नाही. अकरा महिने म्हणजे पुढच्या एप्रिलात परत हेच खोके. लिव्ह लायसन्स तीन वर्षांचं करता येतं, दरवर्षी भाडं किती वाढणार ते त्यातच लिहून टाका."

"घरमालक म्हणतो, शंभराच्या... नाही, आता पाचशेच्या स्टॅम्पवर लिहू, नोंदणी कशाला."

"त्याला सांगा, भाडेनियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदवलेला पाहिजे, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही आणि भांडण झालं, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरून चालतात, घरमालक ते खोटं ठरवेपर्यंत. एवढं वाक्य नुसतं बोला, बघा कसा पळत येतो. आता कचेरीत पण जावं लागत नाही, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, चहा पितो, अंगठे घेतो, जातो."

मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मास्तर अजून गॅलरीत होते.

"आणि स्वस्त मिळतंय म्हणून भलतीकडे जाऊ नका हं. खाडीच्या अंगाला, नाहीतर कुठे गावात, नवी कोरी इमारत, लिफ्ट, भाडं निम्मं. मोह होतो. पण ते पासष्ट इमारतींचं प्रकरण लक्षात आहे ना? पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून रेराचे नंबर मिळवलेले. २०२४च्या नोव्हेंबरात हायकोर्टाने पाडायला सांगितल्या. त्यात माणसांनी कर्ज काढून घरं घेतलीत, त्यांचं तर नशीबच फुटलं. तुम्ही एका नोटिशीतून निघून दुसऱ्या नोटिशीत शिरू नका. भाड्याने जातानासुद्धा भोगवटा दाखला विचारायचा. लाजायचं नाही."

माझी ठाण्याची बहीण नौपाड्याची. तिच्याकडे तर एकेका गल्लीत दोन-दोन इमारती एकदमच रिकाम्या होतात. राम मारुती रोडला जन्म काढलेली माणसं घोडबंदरला जाऊन पडली आणि आता रोज रिक्षाने गोखले रोडला भाजी आणायला येतात. पण तिच्याकडे बिल्डर होता. तो भाडं देतो, सामान हलवायचे पैसे देतो, दलाली देतो, तारीख दोन महिने आधी सांगतो. सी-वनच्या नोटिशीत तसलं कुणी नसतं. टेम्पोपासून डिपॉझिटपर्यंत सगळं आपल्याच खिशातून. हा फरक बाहेरच्यांना कळत नाही, ते आपले "अरे वा, रिडेव्हलपमेंट का!" म्हणून पेढे मागतात.

"आता खोके," मी पुन्हा विषय काढला, कारण नवऱ्याने सकाळपासून चिकटपट्टीची सहा बंडलं आणून त्यातलं एक सोडवायला कात्री शोधायला घेतली होती, आणि कात्री आधीच बांधलेल्या खोक्यात होती.

"वाण्याकडचे नकोत, त्यांची बुडं बसतात. औषधाच्या दुकानातले लहान, पण मजबूत, पुस्तकांना तेच. पुस्तकं मोठ्या खोक्यात भरलीत तर हमाल उचलणार नाही, उचललंत तर कंबर तुमची. आणि सगळ्यात उत्तम कुठले सांगू? वाइन शॉपचे. आत पुठ्ठ्याचे कप्पे असतात, काचेचे ग्लास, बरण्या, बाटल्या, एकही फुटत नाही. आमच्या सासूबाईंनी मात्र घोळ घातला. देवघरातल्या समया त्यात ठेवू दिल्या नाहीत, ज्ञानेश्वरी तर नाहीच. खोक्यावर बैलाचं चित्र नि खाली व्हिस्की! शेवटी आमच्या यांनी त्याला आतून-बाहेरून वर्तमानपत्र चिकटवलं. नव्या घरी उघडताना पाहिलं, तर वर्तमानपत्राच्या पानावर पण त्याच कंपनीची सोड्याची जाहिरात."

खोक्यांवर काय लिहायचं यावर वहिनींचं शास्त्र पक्कं आहे. 'किरकोळ' लिहायचं नाही. 'महत्त्वाचे' तर मुळीच नाही. घाईत बांधलेल्या घरात सगळंच महत्त्वाचं असतं. खोली लिहायची, आणि आतल्या तीन वस्तू. 'स्वयंपाकघर: इडलीपात्र, किसणी, मोठं पातेलं.' आणि हे वर नाही, बाजूला लिहायचं, कारण खोके एकावर एक रचले की वरचं काहीच दिसत नाही. हे मला सुचलंच नसतं. कपबशा जुन्या सुती साड्यांत गुंडाळायच्या, म्हणजे साड्यांना वेगळा खोका लागत नाही. फ्रीज आदल्या रात्री बंद करून पुसायचा, उभाच न्यायचा, नेल्यावर काही तास तसाच ठेवून मग सुरू करायचा. सिलेंडरही उभा. पाइपचा गॅस असेल तर कंपनीला कळवून मीटर काढून न्यायला सांगायचा, स्वतः पाना लावायचा नाही. विजेचं तर आधी महावितरणला लेखी द्यायचं आणि मीटरवरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवायचा, नाहीतर पाडलेल्या घराचं बिल वर्षभर येत राहतं.

आणि एक पेटी वेगळी. पहिल्या रात्रीची. कुकर, चहा-साखर, सुरी, काडेपेटी, दोन ताटं, गोळ्या-औषधं, चार्जर, डासांची उदबत्ती, एक बल्ब, पाना, पक्कड, आणि जुने पडदे. "पडदे कशाला?" असं मी विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "नव्या घराला खिडक्या असतात, आणि समोर बिल्डिंग असते. पहिल्या रात्री समोरच्या बिल्डिंगला दुसरा कार्यक्रम नसतो."

माळा. आता माळ्याबद्दल न बोललेलं बरं, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्या माळ्यावरून दोन दिवस वस्तू उतरत होत्या. तांब्याचा बंब, ज्याच्या नळाची तोटी हरवल्याचं माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर सासूबाईंना ऐकवलं, ती तोटी बंबाच्या आतच निघाली. वातींचा स्टोव्ह. पाळणा, खुंट्यांसकट. दिवाळी अंकांचे गठ्ठे, सुतळीने बांधलेले, वरच्यावर वाळवी. नवरा त्यातला एकेक अंक उघडून उभ्याउभ्या कथा वाचायला लागला, तेव्हा मी ते गठ्ठे सरळ जिन्यात नेऊन ठेवले. ज्याला हवे त्याने न्यावेत. तासाभरात निम्मे गेले, कारण प्रत्येक मजल्यावर असाच एकेक वाचक होता, आणि त्यांच्या बायकांनी रात्री आणखी गठ्ठे आणून त्यातच ठेवले. ढीग काही कमी होईना.

"माळा आधी, मग शोकेस, मग कपडे, शेवटी स्वयंपाकघर," वहिनींचा क्रम. "आणि जे तीन वर्षांत उतरवलं नाही ते नेऊ नका. आम्ही पाटा-वरवंटा नेला, भाड्याच्या घरी पलंगाखाली ठेवला, आणि तसाच परत आणला. आता टॉवरमध्ये पलंगाखाली आहे."

"मग टाकला का नाही?"

"सासूबाईंचा आहे हो," वहिनी म्हणाल्या, आणि यावर आणखी काही विचारायचं नसतं हे मलाही कळतं.

म्हाताऱ्या माणसांची आम्हाला धास्ती होती, विशेषतः पहिल्या मजल्यावरच्या आजींची. गिरगावातल्या चाळीतून लग्नानंतर डोंबिवलीला आलेल्या. यजमान लोकलच्या मालडब्यातून दोन ट्रंका आणि वळकटी घेऊन आले आणि त्या मागून बायकांच्या डब्यातून, हे त्यांचं ठरलेलं वर्णन. त्या हलणार नाहीत, हट्ट धरतील, असं सगळे धरून चाललेले. त्यांच्या मुलाने तर पाणी तोडेपर्यंत त्यांना सांगायचंच नाही असं ठरवलं. आजींनी नोटीस जिन्यात कधीच वाचली होती, जाड भिंगाचा चष्मा लावून, शेवटच्या ओळीपर्यंत. मुलगा कसनुसा होऊन सांगायला बसला तेव्हा त्यांची ट्रंक भरून तयार होती. त्यांनी एवढंच विचारलं, की नव्या घरी सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं, आणि ती खोली मला द्या. हट्ट धरला तो मास्तरांनी. वय बासष्ट.

हमाल आणि टेम्पो हा शेवटचा अध्याय, आणि तो पैशाचा. महिन्याची तीस-एकतीस-एक या तारखांना अख्खं शहर घरं बदलतं, तेव्हा टेम्पोवाला देवासारखा वागतो. दर्शन देत नाही. छोटा हत्तीवाले तर फोनच उचलत नाहीत. वहिनींची युक्ती अशी, की कॅलेंडर काढा आणि अमावस्या बघा. अमावस्येला कुणी घर बदलत नाही, टेम्पो रिकामे, हमाल रिकामे, भाव तुमचा. आमच्या नोटिशीच्या आठवड्यात नेमकी अमावस्या होती. सोसायटीत यावर अर्धा तास गंभीर चर्चा झाली. शेवटी आजी म्हणाल्या, स्लॅब काय पंचांग बघून पडणार आहे? देव आदल्या दिवशी हलवा, एक दिवा आणि दूध उतू घालायचं पातेलं त्याच्याबरोबर, म्हणजे गृहप्रवेश आदल्या दिवशीचा झाला. दुसऱ्या दिवशी जातं ते नुसतं सामान. एवढी सोपी तोड गुरुजींनाही सुचली नसती.

"टेम्पो पहाटे सहाला बोलवा," वहिनी म्हणाल्या. "नऊनंतर मानपाडा रोडला अडकलात की हमालांचे तास तुमच्या नावावर. आणि पश्चिमेला जाणाऱ्यांनी आधी ठरवा, कोपरचा पूल का ठाकुर्लीचा. तिथे जाऊन भांडू नका. शिळफाट्याकडे जाणार असाल, तर मेट्रोच्या कामाचा एक तास वेगळा धरा. कल्याणला जाणार असाल तर, जाऊ दे, कल्याणला कोण जातंय."

"खजिनदार जाणार होते ना कल्याणला? खडकपाड्याला?"

वहिनींनी एकदम भिंतीवरून अंग पुढे काढलं. आता आवाज खरंच खाली गेला.

"नाही जात. तुम्हाला माहीत नाही? तुमच्या खजिनदारांनी नवापाड्यात घेतलं, दुसऱ्या मजल्यावर. आणि तुमचे सेक्रेटरी?"

सेक्रेटरी आणि खजिनदार. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या बिलापासून या दोघांमध्ये बोलणं नाही. एक जिना चढायला लागला की दुसरा मीटर बघायला थांबतो. सभेत एकमेकांना उद्देशून बोलायचं असलं तर अध्यक्षांना सांगतात, अध्यक्ष मध्ये बसलेले असतात म्हणून. इमारत रिकामी होणार या एकाच गोष्टीचा दोघांनाही मनापासून आनंद झालेला मी पाहिला होता.

"सेक्रेटरींनीही नवापाड्यातच?" मी विचारलं.

"त्याच इमारतीत. त्याच मजल्यावर. दार समोरासमोर, आणि सुकवायच्या गॅलरीला मध्ये नुसती जाळी. तीन वर्षांचा करार, दोघांचाही. दलाल एकच ना! त्याने दोघांना वेगवेगळ्या वेळी नेलं, आणि प्रत्येकाला सांगितलं, समोर फार सभ्य कुटुंब येतंय, तुमच्याच भागातलं."

"अहो, मग कुणीतरी सांगायला हवं त्यांना!"

"आता सांगून काय उपयोग," वहिनी म्हणाल्या. "टोकन परत मिळत नाही."